शाळेच्या पेटीत सापडलेली बालवीर पथकाची कागदपत्रे: स्थापनेचे वर्ष कोणते धरावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी १९२७ साली सुरू झालेल्या शाळेत मी शिकलो आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे तेथेच शिकवले. शाळेचा शताब्दी महोत्सव जवळ आला असून स्मरणिकेचे काम माझ्याकडे आहे. जुनी माहिती गोळा करत असताना प्रयोगशाळेच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी सापडली. तिच्यात शाळेच्या बालवीर (स्काउट) पथकाचे दोन हजेरीपट, जून १९३४ ते मार्च १९५२ या काळातील पथकाची रोजनिशी, शिबिरांच्या खर्चाच्या पावत्या, अकरा छायाचित्रे, एक विटलेला हिरवा स्कार्फ आणि १९३८ सालचे नोंदणीचे इंग्रजी प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्राचा वरचा भाग वाळवीने खाल्ल्यामुळे संस्थेचे पूर्ण नाव वाचता येत नाही. ‘स्काउट’ आणि ‘असोसिएशन’ एवढेच शब्द शिल्लक आहेत.

मतभेद असा आहे. १९७७ च्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका जुन्या शिक्षकांनी ‘शाळेबरोबरच बालवीर पथकही सुरू झाले’ असे लिहिले आहे आणि समितीतील बहुतेकांना तेच छापायचे आहे. रोजनिशी मात्र १९३४ पासूनची आहे आणि प्रमाणपत्र १९३८ चे. माझे तीन प्रश्न आहेत. या तीन वर्षांपैकी कोणते ग्राह्य धरावे? १९३८ चे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे असावे? आणि शाळेबाहेर, विशेषतः सरकारी दप्तरांत, या पथकाचा माग कोठे लागू शकेल? रोजनिशीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या बालवीराच्या वचनात ‘ईश्वर, राजा व देश’ असे शब्द होते, त्यांतील ‘राजा’ हा शब्द नंतर वेगळ्या शाईने खोडलेला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

जुने अंक

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण १९३८ हे वर्ष या चळवळीच्या इतिहासात साधे वर्ष नाही.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले आणि दोनच वर्षांनी, म्हणजे १९०९ मध्ये, कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे हिंदुस्थानातील पहिले पथक काढून ते लंडनच्या मुख्यालयाकडे नोंदवले. १९१० व १९११ मध्ये आणखी काही ठिकाणी पथके नोंदली गेली. त्यांत आपल्याकडील खडकी आणि लोणावळा ही नावे आहेत. ही नावे वाचून आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक असले, तरी ही पथके फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती, हे विसरता कामा नये. हिंदी मुलांना टेहळणी, नकाशावाचन, संकेत देणे आणि शिस्तबद्ध हालचाल शिकवली, तर हेच शिक्षण उद्या राज्यकर्त्यांविरुद्ध वापरले जाईल, ही भीती त्यामागे होती.

दार बंद राहिल्यामुळे हिंदी लोकांनी आपले मार्ग शोधले. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ च्या सुमारास शहाजहानपूर येथे मुलांचे पथक उभे केले. पुढे पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळाने अलाहाबाद येथे सेवा समितीची स्काउट संघटना तयार झाली. दक्षिणेत डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रासला वेगळी संघटना काढली आणि मुलांच्या गणवेशात टोपीऐवजी फेटा आणला. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः येथे आले, तेव्हा बेझंट यांची संघटना मूळ संस्थेत, म्हणजे बॉय स्काउट्स असोसिएशनमध्ये, विलीन झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. निष्ठा राजाशी की देशाशी, हा त्या दुराव्यातला कळीचा प्रश्न होता. आपल्या रोजनिशीतल्या त्या खोडलेल्या शब्दाचे मूळ येथपर्यंत मागे जाते.

१९३७ मध्ये बेडन-पॉवेल दिल्लीच्या अखिल भारतीय जांबोरीसाठी (स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी) पुन्हा आले. हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांमुळे देशभर संताप उसळला, अनेक कार्यकर्ते मूळ संस्थेतून बाहेर पडले आणि १९३८ मध्ये सेवा समितीला बरोबर घेऊन हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. म्हणजे आपले प्रमाणपत्र नेमके फाटाफुटीच्या वर्षाचे आहे. ते जुन्या बॉय स्काउट्स असोसिएशनचे असेल किंवा नव्या हिंदुस्थान स्काउटचेही असेल. दोन्हींच्या नावांत ‘स्काउट’ आणि ‘असोसिएशन’ हे शब्द येतात. वचनात ‘राजा’ होता, यावरून पथक प्रारंभी मूळ संस्थेकडे होते असे म्हणता येईल. पण मुखपृष्ठावरचे वचन १९३४ मध्ये लिहिले असेल, तर चार वर्षांनी पथकाने संस्था बदलली नव्हती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. यासाठी १९३८ नंतरच्या पावत्या पाहाव्यात. वार्षिक वर्गणी कोणाकडे भरली आणि बिल्ले कोणाकडून मागवले, हे पावतीवर छापलेले असते.

एक सूचना पुण्याच्या संदर्भात करतो. कुंझरू आणि बाजपेयी हे दोघेही गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि कुंझरू पुढे समाजाचे अध्यक्ष झाले. समाजाने पुण्याहून १९१८ पासून चालवलेले इंग्रजी साप्ताहिक आणि समाजाच्याच व्यवस्थापनाखाली आलेले ‘ज्ञानप्रकाश’ हे जुने वृत्तपत्र चाळल्याशिवाय महाराष्ट्रातील बालवीर चळवळीचा शोध पुरा झाला असे मी मानणार नाही. अलाहाबादची ही चळवळ समजून घेण्याचे एक दार पुण्यातच आहे.

वऱ्हाडी वाचक

वरील विवेचन उत्तम आहे. मात्र आपण सारे ‘महाराष्ट्रातील चळवळ’ असे म्हणतो, तेव्हा एक गोष्ट निसटते. १९३४ किंवा १९३८ मध्ये आजचा महाराष्ट्र एका राजवटीखाली नव्हता. पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात होता, विदर्भ मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इलाख्याचा किंवा प्रांताचा गव्हर्नर हा त्या प्रांताचा चीफ स्काउट असे आणि त्याच्या हाताखाली प्रांतिक कमिशनर व प्रांतिक कार्यालय असे. त्यामुळे अमरावतीच्या शाळेचा पत्रव्यवहार नागपूरकडे जाई, साताऱ्याचा मुंबईकडे, आणि औरंगाबाद किंवा नांदेडच्या शाळेची कागदपत्रे शोधायची तर हैदराबादला जाऊन उर्दू दप्तर वाचणाऱ्या माणसाची मदत घ्यावी लागते. १९५६ मध्ये प्रांतांच्या सीमा बदलल्या, पण कागद बहुधा आपल्या जागीच राहिले.

नागपूरचा उल्लेख आला म्हणून न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्याआधी अनेक वर्षे त्यांनी मध्यप्रांतातील स्काउटिंग वाढवले आणि स्वातंत्र्यानंतर दुभंगलेल्या संघटना एकत्र आणण्यासाठी कुंझरू व बाजपेयी यांच्याबरोबर खटपट केली, ही बाजू मात्र आमच्या नागपुरातही थोड्यांनाच माहीत आहे.

कृष्णाकाठ यांना माझा एक प्रश्न आहे. आपले गाव खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या, मुलखातले की संस्थानी? सातारा जिल्ह्याच्या आजच्या सीमेत औंध आणि फलटण ही संस्थाने होती. गाव संस्थानातले असेल, तर १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीची शिक्षणखात्याची कागदपत्रे वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतील.

दप्तरखाना

मी अभिलेखांच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे आधी पेटीबद्दल लिहितो आणि मग सरकारी दप्तरांकडे वळतो. पेटी आज वाचली, तरच पुढच्या चर्चेला अर्थ आहे.

कृपया कागद विषयवार लावण्याची घाई करू नका. कोणता कागद कशाच्या खाली आणि कोणत्या वहीत दुमडून ठेवलेला होता, ही स्वतःच एक माहिती असते, आणि एकदा ती विस्कटली की परत मिळत नाही. वरून खाली जसजसा कागद निघेल, तसतसे त्याच्या मागील कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, छायाचित्र घ्या आणि यादीत एका ओळीची नोंद करा. शाईचे पेन, रबरी शिक्का आणि गोंद यांपैकी काहीही वापरू नका. फाटलेल्या प्रमाणपत्राला चिकटपट्टी लावण्याचा किंवा ते ‘कायमचे टिकावे’ म्हणून लॅमिनेट करून घेण्याचा आग्रह कोणीतरी धरील, तो निश्चयाने नाकारा. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन तर कागद खराब केल्याशिवाय निघत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. पातळ पट्टी खाली सरकवून त्या हलक्या हाताने उचलाव्यात.

ठेवण्यासाठी महागडे साहित्य मिळाले नाही, तर आपल्याकडची जुनी रीत पुरेशी चांगली आहे. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. खळ काढण्यासाठी दोन-तीन वेळा धुतलेल्या, रंग न दिलेल्या सुती कापडात वही बांधली, म्हणजे धूळ लागत नाही आणि कागदाला हवा मिळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तेच कागद पावसाळ्यात घामेजतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीपासून वीतभर उंच असावे आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून कसर लागली आहे का, ते पाहावे. छायाचित्रे वह्यांपासून वेगळ्या पाकिटांत ठेवावीत. त्यांची जागा मात्र यादीत आधी नोंदवलेली असावी.

आता सरकारी दप्तराविषयी. मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, इलाख्याच्या शिक्षणखात्याची दप्तरे आहेत. शाळांना दिलेली अनुदाने, शिक्षकांना प्रशिक्षण शिबिरासाठी दिलेली रजा आणि स्काउट संस्थांना दिलेले साहाय्य अशा विषयांखाली शोध घ्यावा. केवळ ‘स्काउट’ हा शब्द पाहून निराश होऊ नये, कारण कारकुनांनी प्रकरणाला मथळा देताना पैसा किंवा रजा हाच विषय धरलेला असतो. दुसरी जागा गृहखात्याच्या विशेष शाखेची. सरकार स्वयंसेवक दलांवर लक्ष ठेवून होते आणि मुलांच्या संघटनाही त्या नजरेतून सुटल्या नसाव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. लंडनजवळ गिलवेल पार्क येथे ब्रिटिश संस्थेचा वारसा संग्रह आहे, पण एका तालुक्याच्या पथकासाठी मी तेथे सर्वांत शेवटी विचारणा करीन. पहिला शोध शाळेच्याच कपाटात घ्यावा. जनरल रजिस्टर, मुख्याध्यापकांचे लॉगबुक आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक पाहा. शाळा तपासणारा अधिकारी पथकाची कवायत पाहून एखादी ओळ लिहून गेला असेल, तर तिच्याइतका विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही, कारण ती ओळ त्याच दिवशी लिहिलेली असते.

स्थापनेच्या वर्षाबाबत माझे मत स्पष्ट आहे. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देत आहात. १९३४ हे हाती असलेल्या सर्वांत जुन्या लेखी नोंदीचे वर्ष आहे, १९३८ हे एका नोंदणीचे वर्ष आहे आणि १९२७ ही पन्नास वर्षांनंतर लिहिलेली आठवण आहे. आठवण खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण शाळेचा आणि पथकाचा जन्म एकाच वर्षी झाला असे सांगण्याचा मोह सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी अधिक असतो, हेही लक्षात घ्यावे.

निवृत्त स्काउटमास्तर

मी बत्तीस वर्षे पथक चालवले आणि हिमालय वूड बॅज हे स्काउटमास्तरांचे प्रगत प्रशिक्षण पूर्ण केले, त्यामुळे हजेरीपट कसा वाचावा याविषयी थोडे सांगू शकेन.

पहिल्या हजेरीपटाचे पहिले पान उघडून मुलांच्या नावांपुढचे क्रमांक पाहा. पथकात दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही सलग दाखल क्रमांक देत असू आणि तो वर्ष बदलले तरी पुढेच चाले. १९३४ च्या पानावर क्रमांक एकपासून सुरू होत असेल, तर पथक बहुधा त्याच वर्षीचे. तसे नसेल, तर याआधीची एक वही हरवली आहे असे समजावे. त्याचप्रमाणे मुलांनी पार केलेल्या परीक्षांची नावे पाहा. टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास ही नावे बॉय स्काउट्स असोसिएशनच्या रीतीची आहेत. त्यांनाच हिंदीत कोमलपद, ध्रुवपद, गुरुपद म्हणत, आणि हे हिंदी शब्द स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीत आढळले, तर हिंदुस्थान स्काउटशी संबंध होता का, हे तपासावे. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान ही आज मुलांच्या तोंडी असलेली नावे पुष्कळ नंतरची आहेत, त्यामुळे ती जुन्या पानावर दिसली, तर ती नोंद मागाहून घातली आहे असे खुशाल समजावे.

छायाचित्रांबाबत एक सावधगिरी बाळगावी. अर्धी विजार, हातात काठी आणि रांगेत उभी मुले एवढ्यावरून कोणालाही बालवीर ठरवू नये. राष्ट्र सेवा दल जून १९४१ मध्ये उभे राहिल्यानंतर सातारा भागातील पुष्कळ मुले त्याच्या शाखांवर जात असत. गळ्यातला स्कार्फ आणि त्याचा वॉगल (स्कार्फ अडकवण्याची कडी), टोपीवर किंवा छातीवर तीन पाकळ्यांचे कमळासारखे चिन्ह, आणि तीन बोटांचा सलाम यांपैकी निदान दोन खुणा दिसल्याशिवाय मी तळओळ लिहिणार नाही.

रोजनिशीतील १९४२ चे ऑगस्ट ते डिसेंबर हे महिने कसे आहेत, हे सांगावे. उत्सुकता आहे.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्यामुळे गेले दोन रविवार आम्ही तिघे माजी विद्यार्थी पेटीपुढे बसलो होतो. गाव खालसा मुलखातलेच आहे, त्यामुळे शोध मुंबईकडेच घ्यावा लागेल.

स्काउटमास्तर सरांनी सांगितलेली खूण अचूक ठरली. १९३४ च्या हजेरीपटात पहिल्या मुलाचा दाखल क्रमांक ५८ आहे. म्हणजे आधीचे सत्तावन्न बालवीर ज्या वहीत होते, ती वही आज आपल्यापाशी नाही. दुसरे, १९४० च्या वर्गणीच्या पावतीवर ‘बॉय स्काउट्स असोसिएशन’ असे संपूर्ण छापलेले आहे आणि परीक्षांची नावे १९४७ पर्यंत टेंडरफूट, सेकंड क्लास अशीच आहेत. तेव्हा फाटाफूट झाली तरी आमचे पथक मूळ संस्थेतच राहिले, असे दिसते. १९३८ ची नोंदणी ही पहिली नोंदणी होती की नूतनीकरण, हे मात्र प्रमाणपत्रावरून कळत नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या आठवड्यानंतर रोजनिशीची पाने कोरी आहेत, ती थेट जून १९४३ पर्यंत. समितीतील एका तरुण सहकाऱ्याने लगेच ‘पथकातील मुले चले जाव आंदोलनात उतरली’ असे वाक्य लिहून काढले. आमच्या तालुक्यात त्या काळी जे घडले ते पाहता ते वाक्य लिहावेसे मलाही फार वाटते.

दप्तरखाना

ते वाक्य आज छापू नये, अशी कळकळीची विनंती आहे. कोऱ्या पानांवरून एवढेच कळते की त्या दिवसांत कोणी लिहिले नाही. शाळा बंद असेल, शिक्षकांची बदली झाली असेल, मुलांना मैदानावर जमवण्यास मनाई असेल किंवा आपला सहकारी म्हणतो तेच घडले असेल. त्याच महिन्यांचा शाळेचा हजेरीपट, मुख्याध्यापकांचे लॉगबुक आणि गृहखात्याच्या विशेष शाखेची प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पुरावा मिळाला, तर त्या मुलांची नावे तारखेसह लिहिता येतील, आणि तो त्यांचा खरा सन्मान होईल.

गाईड कॅप्टन

चर्चेत मुलींचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते. मुलींच्या स्काउटिंगला गाईड म्हणतात. आपल्या देशात गाईडची पहिली कंपनी, म्हणजे पथक, १९११ मध्ये जबलपूरला निघाली. स्काउटच्या दोन्ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स या नावाने एक झाल्या, तेव्हा मुलींची संघटना लगेच त्यात आली नाही. ती १५ ऑगस्ट १९५१ रोजी सामील झाली. आपली रोजनिशी मार्च १९५२ पर्यंत आहे, त्यामुळे शेवटच्या काही महिन्यांत वीरबाला (गाईड) पथकाची नोंद किंवा एखाद्या शिक्षिकेचे नाव येते का, हे जरूर पाहावे. जागतिक गाईड संघटनेने आपल्या केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ मध्ये पुण्यात उघडले, ही गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तालुक्यांच्या गावी सायकलवरून कवायतीला येणाऱ्या मुलींच्या वह्या जवळजवळ कोणीच जपून ठेवल्या नाहीत, याची मला खंत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण हजेरीपट संकेतस्थळावर टाकू नका. जनरल रजिस्टरशी तो जुळवला, की जात, जन्मतारीख आणि वडिलांचा व्यवसाय हे सारे उघड होते. त्या यादीतील काहीजण आजही हयात असतील. त्यांना आधी भेटा आणि छायाचित्रे दाखवून नावे लिहून घ्या. हे काम स्मरणिकेची वाट पाहत थांबवू नका.

कृष्णाकाठ

कॅप्टनताई, आपण सांगितल्याप्रमाणे शेवटची पाने पुन्हा पाहिली. जानेवारी १९५२ मध्ये ‘मुलींचे पथक, उपस्थित १४’ अशी एकच ओळ आहे. शिक्षिकेचे नाव नाही, पण आमच्या गल्लीतील एका आजींनी ती ओळ ऐकताच, आपण त्या चौदांपैकी एक होतो, असे सांगितले. येत्या शनिवारी त्यांच्याकडे छायाचित्रे घेऊन जाणार आहे.

समितीने काल मान्य केलेला मजकूर असा आहे: ‘पथकाची उपलब्ध लेखी नोंद जून १९३४ पासूनची आहे. त्या वेळी दाखल क्रमांक ५८ पासून सुरू होत असल्यामुळे पथक त्यापूर्वीच स्थापन झाले होते. १९७७ च्या स्मरणिकेत १९२७ हे वर्ष आठवणीच्या आधारे दिले आहे. क्रमांक १ ते ५७ असलेली वही कोणाच्या घरी असल्यास शाळेशी संपर्क साधावा.’ शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत छापणार आहोत. शेरेबुकाचा १९२९ ते १९३३ चा खंड उद्यापासून वाचायला घेतो.